आधी कान पटवा, मग खिसा!

मागच्या महिन्यातला शनिवार. ऑफिसातली एक कलीग म्हणाली, “अरे, चल ना माझ्याबरोबर. म्युझिक सिस्टीम घ्यायचीय. चांगली. म्हणजे खरंच चांगली.” आता हिचं ‘खरंच चांगली’ म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. ही बाई दर डिसेंबरला सवाईसाठी रजा टाकते. बॉसनं कितीही डोळे वटारले तरी टाकते. नुकतंच अप्रेझल झालेलं, हातात चार पैसे आलेले. घरी ब्लूटूथचा एक डबा. त्या डब्यावर किशोरीताई ऐकून ऐकून ती वैतागली होती. म्हटलं, चला!

शोरूम एकदम चकाचक. काचेचं दार, थंडगार एसी, मंद दिवे, माणसाएवढे उंच स्पीकर आणि... चक्क शांतता. गाण्याच्या यंत्रांचं दुकान आणि गाणं बंद! आपण देवळात आलोय की बँकेच्या लॉकर रूममध्ये, तेच कळेना. कोपऱ्यातून एक सेल्समन आला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, माझ्या पायातल्या फ्लोटर्सकडं पाहिलं आणि विचारलं, “सर, बजेट काय आहे?”

“घ्यायचंय हिला,” मी म्हटलं.

“ओके सर,” तो मलाच म्हणाला.

पुढची वीस मिनिटं वॅट, ओहम आणि डेसिबलचा पाऊस. सगळा माझ्या अंगावर. मग डेमो. लावलं काय? ‘हॉटेल कॅलिफोर्निया’. तेच ते, ईगल्सचं १९९४चं लाइव्ह व्हर्जन. जगातल्या तमाम ऑडिओ शोरूम्सचं राष्ट्रगीत. गाणं झकासच आहे, पण कलीगनं विचारलं, “माझ्या फोनवर किशोरीताईंचा भूप आहे, तो लावता?” त्यावर तो गोड हसून म्हणाला, “मॅडम, ही सिस्टीम त्यासाठी नाहीये.” किंमत विचारली, तर “ते आपण नंतर डिस्कस करू.” निघताना माझा मोबाइल नंबर मात्र न विसरता लिहून घेतला. माझा!

बाहेर कटिंग चहा घेताना ती म्हणाली, “अरे, मी पैसे द्यायला गेले होते की इंटरव्ह्यू द्यायला?”

बॉस, हा प्रश्न एका दुकानापुरता नाही. हाय-एन्ड ऑडिओ नावाची जी दुनिया आहे, म्हणजे लाखालाखाचे स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेयर बनवणाऱ्यांची दुनिया, तिची अनेक वर्षांची तक्रार आहे की तरुण गिऱ्हाईक येत नाही. गिऱ्हाईक येतंय हो. दारातून परत जातंय! म्हणून हा आठवडा त्यांच्यासाठी. फुकटचा सल्ला, आपल्या सगळ्यांच्या वतीनं.

पैसे नाहीत? कोण म्हणतं?

पहिला गैरसमज असा की, आजच्या पोरांना आवाजाची कदर नाही आणि त्यावर खर्च करायची तयारीही नाही. अहो, आपली पिढी दोन वर्षांनी फोन बदलते, तोही ईएमआयवर. हौसेला मोल नसतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि आवाजासाठी? डॉ. ड्रे आणि जिमी आयोविन या दोघांनी २००६मध्ये बीट्स नावाची कंपनी काढली. २००८मध्ये त्यांचा पहिला हेडफोन बाजारात आला. ऑडिओतल्या जाणकारांनी नाकं मुरडली, बास फार आहे, किंमत जास्त आहे वगैरे. पण कॉलेजातल्या पोरांनी तो गळ्यात दागिन्यासारखा मिरवला. २०१४मध्ये अ‍ॅपलनं ती अख्खी कंपनी तीन अब्ज डॉलर्सना विकत घेतली. म्हणजे हेडफोनवर तरुण पैसा खर्च करतात, हे जगाला दिसलं. दिसलं नाही ते फक्त हाय-एन्डवाल्यांना. ते बासची चर्चा करत बसले.

दुसरं उदाहरण याहून गमतीचं. अमेरिकेत २०२०मध्ये रेकॉर्ड्सच्या, म्हणजे आपल्या आजोबांच्या काळ्या तबकड्यांच्या, विक्रीतून आलेला पैसा सीडींच्या पुढं गेला. १९८०च्या दशकानंतर पहिल्यांदा! २०२२मध्ये तर नगांच्या हिशेबानंही तबकडीनं सीडीला मागं टाकलं. घेणाऱ्यांत तरुण भरपूर. आणि आता खरी गंमत ऐका. संगीताच्या विक्रीचे आकडे गोळा करणाऱ्या ल्युमिनेट या कंपनीनं २०२३मध्ये सांगितलं की, अमेरिकेत वर्षभरात रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांपैकी फक्त निम्म्या लोकांकडं रेकॉर्ड प्लेयर आहे. उरलेले निम्मे लोक तबकडी आणतात, कव्हर न्याहाळतात, भिंतीवर लावतात, आवडत्या कलाकाराची आठवण म्हणून जपतात. पण ऐकत नाहीत!

मार्केटिंगमधल्या दोस्तांनो, जरा विचार करा. ज्यांनी पेट्रोल आधीच भरून ठेवलंय आणि ज्यांच्याकडं फक्त गाडी नाहीये, असं गिऱ्हाईक दुसऱ्या कुठल्या धंद्याला मिळतं? त्यांच्या हातात जाऊन कुणीतरी म्हणायला हवं, “एकदा ऐकून तर बघ!” पण म्हणणार कोण? सेल्समन तर बजेट विचारतोय.

जाहिरात नको, ऐकवा

हे ‘ऐकून तर बघ’ कसं करायचं, याचा धडा १९७९चा आहे. सोनीचा वॉकमन. १ जुलै १९७९ला तो जपानात बाजारात आला. किंमत ३३ हजार येन. पहिली बॅच ३० हजार नगांची. पेपरवाल्यांना तो फार काही ग्रेट वाटला नव्हता. रेकॉर्डिंगच होत नाही असला टेप कोण घेणार? जुलै संपला तेव्हा जेमतेम तीन हजार विकले गेले होते. दुसरी एखादी कंपनी असती तर मोठमोठ्या जाहिराती दिल्या असत्या, तांत्रिक माहितीची पत्रकं वाटली असती.

सोनीनं काय केलं? कंपनीतल्या तरुण मुलामुलींना वॉकमन देऊन टोकियोच्या रस्त्यांवर सोडलं. रविवारी यामानोते लाइनच्या लोकलमध्ये ही पोरं कानाला हेडफोन लावून हिंडायची. रस्त्यात, बागेत येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानाला लावून द्यायची. बस्स. बाकी भाषण नाही. ऐकणाऱ्याचे डोळे मोठे व्हायचे आणि तीच जाहिरात. ऑगस्ट संपेपर्यंत ३०च्या ३० हजार वॉकमन खलास!

आणखी एक. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन भोकं होती. कारण सोनीचे अकिओ मोरिता यांना वाटलं की, शेजारी माणूस असताना एकट्यानं ऐकणं बरं नाही. आता बघा, हाय-एन्डच्या जाहिरातीत काय असतं? भलीमोठी रिकामी खोली, मधोमध एकच खुर्ची आणि त्या खुर्चीत एक मध्यमवयीन गृहस्थ, डोळे मिटून. आमच्यासारख्याला त्या चित्रात बसायलाच जागा नाही.

ऐकण्याची जागा

“ते ठीक आहे, पण दोन मणाचे स्पीकर काय लोकलमध्ये न्यायचे?” असं कुणी म्हणेल. नको न्यायला. माणसं जिथं जातात तिथं ते मांडा.

मुंबईकरांना काळा घोड्याचा ऱ्हिदम हाउस आठवत असेल. २०१६मध्ये तो बंद झाला तेव्हा लोक जवळचं माणूस गेल्यासारखे हळहळले. का? माल तर इतर दुकानांतही मिळायचा. पण ऱ्हिदम हाउसमध्ये ऐकायचे छोटे बूथ होते. आत शिरायचं, ऐकायचं, पटलं तर घ्यायचं. खिशात पैसे नसलेली कॉलेजची पोरंही तिथं तासन् तास ऐकायची. नोकरी लागल्यावर तीच पोरं गठ्ठ्यानं खरेदी करायची. याला म्हणतात गिऱ्हाईक घडवणं.

जपानात तर याची परंपराच आहे. तिथं ‘जॅझ किस्सा’ नावाची कॉफीची दुकानं असतात. योकोहामातलं चिगुसा १९३३मध्ये सुरू झालं. परदेशी रेकॉर्ड घेणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं, तेव्हा लोक एका कप कॉफीच्या पैशात बसून उत्तम सिस्टीमवर जॅझ ऐकायचे. बडबड बंद. मालक रेकॉर्ड लावणार, तुम्ही ऐकणार. आजच्या जगभरातल्या ‘लिसनिंग बार्स’ची ही आजी.

अमेरिकेत डेव्हन टर्नबुल नावाचा एक अवलिया आहे. ‘ओजस’ या नावानं तो हातानं स्पीकर बनवतो. २०२२मध्ये त्यानं न्यूयॉर्कच्या लिसन गॅलरीत ऐकण्याची खोलीच मांडली. २०२४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये मांडली. लोक यायचे, गुपचूप बसायचे, ऐकायचे. ‘बजेट काय आहे’ विचारायला कुणी नाही. ज्यांनी उभ्या आयुष्यात हाय-एन्ड हा शब्द ऐकला नव्हता, अशी माणसं चित्रप्रदर्शनाला यावं तशी आली.

मग आपल्याकडं? पुण्यात १९५३पासून भीमसेनजींनी सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव भरतो. हजारो माणसं दिवसदिवस मांडी घालून ऐकतात. तानसेन नसतील, पण कानसेन नक्की आहेत. याहून तयार गिऱ्हाईक जगात कुठं मिळणार? अशा ठिकाणी एक साधी, आवाज बंद होईल अशी खोली. दहा खुर्च्या. आत एक रेकॉर्ड लावा आणि दार उघडं ठेवा. आयटी पार्कच्या कॅन्टीनशेजारी महिन्यातून एक संध्याकाळ करा. पुस्तकांच्या दुकानात करा. कार्ड वाटू नका. फक्त ऐकवा.

माझं गाणं लावा

आता महत्त्वाचं. ऐकवायचं काय? ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ नको. समोरच्याचं गाणं लावा!

स्कॉटलंडच्या ग्लासगोजवळची लिन ही कंपनी १९७०च्या दशकात मोठी झाली ती याच कल्पनेवर. तिचा मालक आयव्हर टिफेनब्रन दुकानदारांच्या मागं लागायचा, की डेमोच्या खोलीत एका वेळी एकच स्पीकरची जोडी ठेवा, पोपटपंची करू नका, गिऱ्हाइकाला ऐकू द्या. आकडे सांगू नका. चाल मनात पकडता येते का? पाय आपोआप ठेका धरतो का? धरला, तर यंत्र चांगलं. किती सोपं! यात ओहम कुठं आला?

माझ्या कलीगला तानपुरा ऐकायचा होता. ब्लूटूथच्या डब्यात तो नुसता गुणगुणतो, माशी घोंघावल्यासारखा. तिला तो स्वरामागं पसरलेला हवा होता. कुणाला ढोल-ताशाचा ठोका पोटात जाणवायला हवा असेल, कुणाला लताबाईंचा श्वास ऐकायचा असेल, कुणाला ए. आर. रहमानच्या गाण्यात मागं कुठंतरी वाजणारं, फोनवर कधीच न सापडलेलं वाद्य. जे गाणं आपण हजार वेळा ऐकलंय, त्यात एक हजार एकाव्या वेळी नवीन काहीतरी सापडतं, तो क्षण म्हणजे खरा सेल्समन. अनोळखी गाण्यात हा क्षण येणारच नाही, कारण आधी काय ऐकू येत नव्हतं हेच आपल्याला माहीत नसतं!

आणि फोनवरून लावायला आता लाजायचं कारण नाही. अ‍ॅपल म्युझिकनं २०२१मध्ये आणि स्पॉटिफायनं २०२५मध्ये ‘लॉसलेस’ आणलं. म्हणजे गाण्याची फाइल लहान करताना त्यातलं काहीही न गाळता. तेव्हा ‘मोबाइलवरचं गाणं या सिस्टीमसाठी नाही’, हे वाक्य आता रिटायर करा, प्लीज.

सोन्याचे कान? गरज नाही!

आपल्यापैकी बरेच जण शोरूमची पायरी चढत नाहीत, त्याला आणखी एक कारण आहे. भीती. ‘आपल्याला काय कळतंय यातलं?’ हाय-एन्डवाल्यांनी ही भीती घालवायचं सोडून वर्षानुवर्षं जोपासली. ‘गोल्डन इअर’ म्हणजे सोन्याचे कान असलेली काही निवडक माणसं असतात, त्यांनाच फरक कळतो, असा थाट.

पण विज्ञान काय म्हणतं? फ्लॉइड टूल हे शास्त्रज्ञ आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हार्मन कंपनीत. शॉन ऑलिव्ह हे त्यांचे सहकारी. या दोघांनी आयुष्यभर एकच उद्योग केला. पडद्यामागं स्पीकर ठेवायचे, कोणता कुठला ते ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही आणि मार्क द्यायला सांगायचं. २००३मध्ये ऑलिव्ह यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की, तयारीचे कान असलेले आणि कसलंही ट्रेनिंग नसलेले, दोघंही साधारण त्याच क्रमानं स्पीकर निवडतात. फरक एवढाच की, तयारीच्या कानांची उत्तरं जास्त नेमकी आणि ठाम असतात. याउलट १९९४च्या त्यांच्या एका प्रयोगात पडदा काढला आणि नाव-रूप दिसायला लागलं, तर मार्कच बदलले! ऐकणारे कोण होते? हार्मनचेच कर्मचारी.

याचा अर्थ कळला? चांगला आवाज तुम्हाला, मला, आपल्या आईला, सगळ्यांना कळतो. फसतात ते डोळे. ही बातमी तर हाय-एन्डवाल्यांनी मोठ्या अक्षरात दुकानाबाहेर लावायला हवी: ‘तुमचे कान पुरेसे आहेत. या.’ खरोखर चांगला स्पीकर बनवणाऱ्याला पडद्याची भीती कशाला?

अमर बोस यांची गोष्ट माहितीय? वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक, मुलगा एमआयटीत शिकला आणि पुढं तिथंच प्राध्यापक झाला. १९५६मध्ये त्यानं कागदावरचे आकडे बघून एक भारी सिस्टीम घेतली. घरी आणून लावली, तर निराशा. आकडे उत्तम, आवाज बेकार! हे असं का, याचा शोध घेता घेता १९६४मध्ये बोस कंपनी उभी राहिली. हाय-एन्डच्या कट्टर मंडळींनी बोसची कायम टिंगल केली. पण बोस घराघरात पोचली. आणि २०२४मध्ये याच बोसनं मॅकिन्टॉश आणि सोनस फाबेर ही हाय-एन्डची दोन दैवतं विकत घेतली. जो सगळ्यांना ऐकवतो, तो शेवटी देव्हाराही विकत घेतो!

बुवाबाजी बंद

आता जरा कडू गोळी. या धंद्यात उत्तम इंजिनीअर आहेत, तसे बुवाही आहेत. लाखालाखाच्या वायरी. त्या वायरी जमिनीवर टेकू नयेत म्हणून खाली ठेवायच्या ठोकळ्या. चिकटवला की आवाज ‘खुलतो’ असे स्टिकर. आपण इंजिनीअरिंग केलेली माणसं. पहिल्याच भेटीत असलं काही कानावर आलं, की आपल्याला खऱ्या वस्तूचाही संशय यायला लागतो.

हे मी एकटाच म्हणत नाही. अमेरिकेतलं ‘स्टिरिओफाइल’ हे या छंदाचं नामांकित मासिक. १९६२मध्ये ते सुरू करणारे जे. गॉर्डन होल्ट यांनीच २००७च्या मुलाखतीत सांगितलं होतं की, हा छंद मरतोय तो स्वतःच्याच हातानं. पडद्याआडच्या परीक्षेला नकार दिला, तिथंच जगाचा विश्वास गेला, असं त्यांचं म्हणणं. घरातल्याच वडीलधाऱ्या माणसानं कान उपटल्यासारखं!

विश्वास गेला की काय होतं, ते २०२२मध्ये दिसलं. मोबाइल फिडेलिटी ही महागड्या रेकॉर्ड्स काढणारी अमेरिकन कंपनी. तिचे चाहते समजत होते की, मूळ टेपपासून तबकडीपर्यंत सगळं अ‍ॅनालॉग. मध्ये डिजिटल पायरी आहे, हे नंतर उघड झालं. कित्येक वर्षांपासून होती. कोर्टकचेरी झाली, २०२३मध्ये अडीच कोटी डॉलर्सची तडजोड झाली. गंमत म्हणजे त्या रेकॉर्ड्स वाजायला सुंदरच होत्या. सोन्याच्या कानांनाही काही खटकलं नव्हतं. आधीच मोकळेपणानं सांगितलं असतं, तर कुणाचं काय बिघडणार होतं?

तेव्हा कंपन्यांनो, साधं करा. किंमत लिहा. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? ड्युटी आणि जीएसटी धरून घरी येईपर्यंत किती पडतील, तो आकडा मोठ्यानं सांगा. घरी नेऊन महिनाभर ऐकू द्या, नाही पटलं तर परत घ्या. मोजमापं छापा, पण मराठीत, म्हणजे माणसाच्या भाषेत समजावून सांगा. आणि जिथं फरक पडत नाही, तिथं ‘पडत नाही’ म्हणा. असं म्हणणाऱ्या दुकानदाराकडं मी जन्मभर जाईन.

पहिली पायरी छोटी ठेवा

कुणीही पहिल्या दिवशी पाच लाखांचे स्पीकर घेत नाही. पहिल्या दिवशी माणूस बाइक घेतो, मर्सिडीज नाही. पण शिडीची पहिली पायरीच छताला असेल, तर चढणार कसं?

२०१०मध्ये कॅलिफोर्नियात दोन मुरलेल्या इंजिनीअर्सनी गॅरेजमध्ये एक कंपनी काढली. नाव ठेवलं ‘शीट’. हो, तुम्ही ऐकलंत तेच! फक्त स्पेलिंग जर्मन थाटाचं. जेसन स्टॉडर्ड आणि माइक मोफॅट ही ती जोडगोळी. २०१२मध्ये त्यांनी ९९ डॉलर्सचा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर आणला. दलाल नाहीत, शोरूम नाही, थेट गिऱ्हाइकाला. धंद्यात आपण कुठं कुठं गाढवपणा केला, हेही स्टॉडर्डनं प्रकरणं पाडून जाहीरपणे लिहिलं. लोक हसले आणि विश्वास ठेवायला लागले. ९९ डॉलर्सवाला पुढं चार-पाचशेचं यंत्रही त्यांच्याचकडून घेतो. चिनी कंपन्यांनी तर कमालच केली. मूनड्रॉपनं २०२२मध्ये ‘चू’ नावाचा वीसेक डॉलर्सचा वायरचा इअरफोन काढला आणि ‘चांगला आवाज म्हणजे महाग’ हे समीकरणच मोडीत काढलं. ज्या पोरानं आज तो कानात घातलाय, तोच दहा वर्षांनी फ्लॅट घेईल आणि स्पीकर शोधायला निघेल. त्याला आज कोण हाक मारतंय?

आणि फ्लॅट म्हटलं की आलंच. आपण राहतो वन-बीएचकेमध्ये, नाहीतर तिघांत एक फ्लॅट. शेजारच्या काकू रात्री दहाला भिंतीवर ठोकतात. तिथं माणसाएवढे स्पीकर ठेवायचे कुठं, फ्रिजवर? केईएफ या ब्रिटिश कंपनीनं हे ओळखलं. २०१२मध्ये पन्नाशीच्या निमित्तानं एलएस-५० नावाचे टेबलावर मावणारे स्पीकर काढले. २०१६मध्ये त्यातच अ‍ॅम्प्लिफायर घालून वायरलेस जोडी आणली. फोन जोडा आणि ऐका. आपल्याकडंही कोलकात्याची सोनोडाइन १९७०पासून आहे, कोचीची रेथम आहे. छोट्या खोलीसाठी, हळू आवाजातही भरलेलं वाजणारं यंत्र बनवा आणि तसं सांगा. ‘रात्री दहानंतरही चालतं’ ही टॅगलाइन मी फुकट देतो!

लिनकडून आणखी एक शिकण्यासारखं. त्यांचा एलपी-१२ हा रेकॉर्ड प्लेयर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचा. आजही तेव्हाच्या प्लेयरला नवे भाग बसवता येतात. म्हणजे घेतलेली वस्तू दोन वर्षांत भंगार होत नाही. दर दिवाळीला फोन बदलून दमलेल्या आपल्या पिढीला हे ऐकवलं तर? ‘एकदा घ्या, तुमची मुलंही वाजवतील.’ यापुढं वॅट काय करणार!

आणि मॅडमशी बोला

शेवटचं, पण माझ्या मते सगळ्यात मोठं. या धंद्यात एक जुना विनोद आहे, ‘वाइफ अ‍ॅक्सेप्टन्स फॅक्टर’. म्हणजे बायको घरात ठेवू देईल असं स्पीकरचं रूप. म्हणजे ऐकणार नवरा आणि अडवणार बायको! अहो, निम्मं जग तुम्ही विनोदातच घालवलंत. ती कमावते, ती ऐकते, कित्येकदा ती गाते. माझ्या कलीगला भूप आणि देसकारातला फरक झोपेतही सांगता येतो. मला तर दोन्ही ‘छान’ एवढंच कळतं. आणि सेल्समन बोलत होता माझ्याशी.

पुढं काय झालं सांगतो. त्यानंतरच्या रविवारी तिच्या सोसायटीतल्या एका काकांनी तिला घरी बोलावलं. काका रिटायर्ड, सिस्टीम जुनी, स्पीकरचं कापड एका कोपऱ्यात फाटलेलं. काकांनी चहा दिला आणि विचारलं, “काय ऐकायचंय बेटा?” ती म्हणाली, भूप. काकांनी रेकॉर्ड पुसली, लावली आणि स्वतः जाऊन मागच्या खुर्चीत बसले. अर्धा तास कुणी काही बोललं नाही. बाजू संपली, सुई खरखरायला लागली, तरी ही उठेना.

सोमवारी डब्याच्या वेळी मला म्हणाली, “अरे, तानपुरा पूर्ण खोलीभर होता.” एवढंच. मग तिनं एक्सेल शीट उघडलं आणि दर महिन्याला किती बाजूला टाकायचे, ते मांडायला लागली. गोव्याची ट्रिप कॅन्सल!

काकांनी एक रुपयाची वस्तू विकली नाही, पण कुठल्याही कंपनीला वर्षभरात जे जमलं नसतं, ते एका रविवारी केलं.

परवा माझा फोन वाजला. शोरूमचा तोच सेल्समन. “सर, दिवाळी ऑफर आहे. तुम्ही इंटरेस्टेड होतात ना?”

मी म्हटलं, “मी नव्हतो हो. ती होती.”

“ओके सर,” तो म्हणाला, “मग तुमचं बजेट काय आहे?”